पाकिटावरचा आकडा : प्रस्तावना

२०१९ च्या दिवाळीत मी घरासाठी नवा कॉम्प्युटर असेंबल करून घेतला. रायझन ५ ३६०० हा त्या वर्षीचा नवा प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि आठ-आठ जीबीच्या रॅमची जोडी. रॅमच्या पाकिटावर ठळक आकडा होता ३२००. त्याहून कमी आकड्याची जोडी स्वस्त मिळत होती. पण जुन्या मराठी मासिकांची पानं स्कॅन करून ती साफ करायचं काम मी करतो. एकेक फाइल मोठी असते, एका वेळी वीस-वीस उघडाव्या लागतात. म्हणून वरचे पैसे मोजले आणि ३२०० चीच घेतली. दुकानातल्या मुलानं माझ्यासमोर सगळं जोडलं, विंडोज टाकलं, डिस्प्ले आलेला दाखवला आणि मी मशीन रिक्षात घालून घरी आणलं.

सतरा महिने ते बिनतक्रार चाललं. २०२१ च्या मार्चमध्ये भाचा मुक्कामाला आला होता. त्याचे वर्ग ऑनलाइन होते आणि तो माझ्याच मशीनवर बसायचा. एकदा टास्क मॅनेजर उघडून पाहताना त्यानं विचारलं, "मामा, तुमची रॅम २१३३ वर का चालतेय?" पाकीट मी कपाटावर जपून ठेवलं होतं. ते खाली काढलं, आकडा पुन्हा वाचला. भाच्यानं मशीन रीस्टार्ट केलं, तो डिलीटचं बटण दाबून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये शिरला, एका ओळीत 'डिसेबल्ड' होतं तिथं त्यानं 'प्रोफाइल १' निवडलं आणि एफ १० दाबून सेव्ह केलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. टास्क मॅनेजरमध्ये आता ३२०० दिसत होतं.

रॅम सदोष नव्हती. दुकानदारानं दुसराच माल दिला होता असंही नाही. ३२०० ची रॅम २१३३ वर सुरू होणं ही ठरवून केलेली व्यवस्था आहे, आणि त्या व्यवस्थेची माहिती पैसे मोजणाऱ्या माणसाला कोणी देत नाही. पाकिटावर ती बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. मदरबोर्डच्या पुस्तिकेत असते, पण ती इंग्रजीत आणि ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच कळेल अशा शब्दांत. आपल्याकडे घरोघरी, डीटीपीच्या दुकानांत, फोटो स्टुडिओंत, शाळांच्या संगणककक्षांत किती मशीनं अशी विकत घेतलेल्या वेगाच्या खाली वर्षानुवर्षं चालत असतील, या विचारानं मी अस्वस्थ झालो. ही पुस्तिका त्या अस्वस्थतेतून लिहिली आहे.

मूळ गोष्ट एका बारीकशा चिपमध्ये आहे. रॅमच्या पट्टीवर मेमरीच्या मोठ्या काळ्या चिपा रांगेनं बसवलेल्या असतात आणि त्यांच्या जोडीला एक अगदी लहान चिप असते. तिला एसपीडी म्हणतात. त्या पट्टीची कुंडलीच तिच्यात लिहिलेली असते : क्षमता किती, कोणत्या वेगाला घड्याळाचे किती ठोके थांबायचं, व्होल्टेज किती द्यायचं. डीडीआर ४ मध्ये या कुंडलीला सारी ५१२ बाइट जागा आहे, डीडीआर ५ मध्ये १०२४. मशीन सुरू झालं की बायोस सर्वांत आधी ही कुंडली वाचतो.

तिच्यात दोन भाग असतात, आणि सगळा घोळ या दोन भागांमुळे होतो. पहिला भाग जेडेकच्या नियमांप्रमाणे लिहिलेला असतो. जेडेक ही अमेरिकेत १९५८ मध्ये सुरू झालेली, अर्धवाहक उद्योगाची मानकं ठरवणारी संस्था. डीडीआर ४ चं मानक तिनं २०१२ च्या सप्टेंबरात जाहीर केलं, डीडीआर ५ चं २०२० च्या जुलैत. मानकात बसणारा वेग, तो झेपणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या बोर्डावर, कोणत्याही कंपनीच्या पट्टीनं, डीडीआर ४ असेल तर १.२ व्होल्टवर, द्यायलाच हवा. माझ्या जोडीचा हा हमखास वेग २१३३ होता. दुसरा भाग आहे एक्सएमपीचा, भाच्यानं बायोसमध्ये चालू केला तो. इंटेलनं तो २००७ मध्ये डीडीआर ३ बरोबर आणला. पट्टी बनवणाऱ्या कंपनीनं स्वतः तपासून पाहिलेला जास्तीचा वेग, त्याला लागणारे ठोके आणि वाढीव व्होल्टेज तिथं लिहिलेलं असतं. डीडीआर ४ मध्ये ते बहुधा १.३५ व्होल्ट असतं. एएमडीनं २०२२ मध्ये डीडीआर ५ साठी आपली वेगळी सोय काढली, तिचं नाव एक्स्पो. त्याआधीच्या एएमडी बोर्डांवर हीच ओळ डीओसीपी, ए-एक्सएमपी अशा नावांनी सापडते. नाव काहीही असो, कळ तीच आहे.

बायोस आपणहून पहिलाच भाग निवडतो, आणि तसंच असायला हवं. पहिल्यांदा जागं होणाऱ्या मशीनला आपल्याबरोबर कोणता प्रोसेसर आहे, किती पट्ट्या आहेत, कुठल्या स्लॉटमध्ये आहेत याचा पत्ता नसतो. त्यानं आधी सुखरूप सुरू व्हावं आणि पडद्यावर काहीतरी दाखवावं, तरच मालकाला पुढचं काही ठरवता येईल. माझा आक्षेप या सावधगिरीला नाही. ती केल्यानंतर बहुतेक बोर्ड गप्प राहतात, 'तुमच्या रॅममध्ये आणखी वेगाची सोय आहे, लावू का?' एवढं एक वाक्य पडद्यावर दाखवत नाहीत, त्याला आहे. अमेरिकेत ग्राहकांनी रॅम विकणाऱ्या कंपन्यांवर याच कारणासाठी दावे लावले. पाकिटावरचा वेग मिळवायला बायोसमध्ये बदल करावा लागतो हे आम्हाला सांगितलं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. कंपन्यांनी तडजोड करून पैसे मोजले. आपल्या दुकानांत तो आकडा अजूनही एखाद्या वचनासारखा विकला जातो.

आता त्या आकड्याकडे वळू, कारण तो नीट कळला नाही तर पुढचं सगळं हवेत राहील.

गावाकडचा हापसा दांडा खाली दाबला की पाणी देतो, वर उचलताना देत नाही. वर-खाली दोन्ही वेळा धार लागणारा हापसा असता तर दांड्याच्या तेवढ्याच फेऱ्यांत दुप्पट पाणी भरलं असतं. डीडीआर या नावातली दुप्पट हीच आहे. रॅमचं घड्याळ सेकंदाला १६० कोटी वेळा वर-खाली होतं आणि प्रत्येक चढाला एकदा, उताराला एकदा असा डेटा जातो. म्हणून सेकंदाला ३२० कोटी खेपा. पाकिटावर छापलेले ३२०० हे खेपांचं माप आहे. त्याला मेगाहर्ट्‌झ म्हणायची सवय सगळ्यांनाच लागली आहे, दुकानदारांना आणि कधीकाळी खुद्द विंडोजलाही. पण सीपीयू-झेडसारखा प्रोग्रॅम खरं घड्याळ दाखवतो, १६००. ते पाहून 'माझी रॅम निम्म्यावर चालतेय' म्हणून घाबरलेली माणसं मला भेटली आहेत. त्यांची रॅम अगदी बरोबर चालत होती. दर खेपेला आठ बाइट जातात, म्हणजे ३२०० वर सेकंदाला २५,६०० मेगाबाइट. २१३३ वर साधारण १७,०००. सतरा महिने माझ्या मशीनच्या दारातून जेवढा माल जाऊ शकत होता त्याच्या दोन-तृतीयांशच वाट उघडी होती.

पण हे फक्त रुंदीचं गणित झालं. आकड्याच्या शेजारी सीएल १६, सीएल २२ असं काही लिहिलेलं असतं, आणि माझ्या मते घेणाऱ्यानं आधी तिकडे पाहावं. प्रोसेसरनं मागितल्यापासून पहिली खेप निघेपर्यंत किती ठोके जातात ते हा आकडा सांगतो. ३२०० च्या रॅमचा एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदांचा, सीएल १६ असेल तर थांबणं १० नॅनोसेकंद, सीएल २२ असेल तर पावणेचौदा. बाजारात दोन्ही '३२००' म्हणूनच विकल्या जातात. सीएल २२ ची पट्टी बहुधा १.२ व्होल्टची, जेडेकच्या मानकातली असते आणि बोर्ड-प्रोसेसरला झेपत असेल तर काहीही न करता थेट ३२०० वर सुरू होते. सीएल १६ ची पट्टी १.३५ व्होल्टची असते, तिचा वेग कळ फिरवल्याशिवाय मिळत नाही. पाकिटावरचं व्होल्टेज पाहिलं तरी आपल्या हातात कोणती आली आहे याचा अंदाज येतो.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वीसेक वर्षांपूर्वीच्या पहिल्या डीडीआरमध्ये ४०० च्या वेगाची, सीएल २ ची उत्तम पट्टी मिळत असे. तिचा एक ठोका ५ नॅनोसेकंदांचा, म्हणजे थांबणं १० नॅनोसेकंद. आजची डीडीआर ५ ची ६००० वेगाची, सीएल ३० ची महागडी पट्टी घ्या. गणित केलं तर थांबणं पुन्हा १० नॅनोसेकंदच येतं. दरम्यान वाट पंधरापट रुंद झाली आणि उंबरठ्यावरचं थांबणं आहे तिथंच राहिलं. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या विल्यम वुल्फ आणि सॅली मॅकी यांनी १९९५ मध्येच एका छोट्या लेखात हा इशारा दिला होता : प्रोसेसर ज्या गतीनं वेगवान होतोय त्या गतीनं मेमरी होत नाही आणि एक दिवस सगळा वेग या भिंतीवर येऊन आदळेल. प्रोसेसरच्या पोटात कॅशे, म्हणजे छोट्या जलद मेमऱ्या, वाढत गेल्या त्या ही भिंत टाळण्यासाठीच.

भिंत का आहे? कारण मेमरीचा मूळ कोष अजून तोच आहे. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचलेला आणि १९६८ मध्ये पेटंट मिळालेला : एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा इवलासा भार धरून ठेवणारा एक कपॅसिटर. भार असला तर १, नसला तर ०. हा कपॅसिटर म्हणजे गळका रांजण आहे. भरून ठेवला तरी झिरपतो. म्हणून डीडीआर ४ मध्ये एकूण एक रांजण ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो, तुम्ही काम करत असा वा नसा. वाचतानाही तो रिकामा होतो आणि वाचून झाल्यावर परत भरावा लागतो. त्या अतिसूक्ष्म भाराची चाहूल लागायला, तो मोठा करून ओळखायला जो वेळ जातो, तो घड्याळ पळवून फारसा कमी होत नाही. डेनार्ड २०२४ मध्ये वारले. तुमच्या खिशातल्या फोनपासून मोठमोठ्या डेटा सेंटरपर्यंत त्यांचे रांजण अजून भरले जात आहेत.

रुंदी वाढवण्याचा खर्च वेगळ्याच ठिकाणी येतो, तारांवर. ३२०० च्या वेगात एका बिटाच्या वाट्याला ३१२ पिकोसेकंद येतात. तेवढ्या वेळात पोकळीतला प्रकाश सुमारे साडेनऊ सेंटिमीटर जातो आणि मदरबोर्डच्या तांब्यातून संदेश त्याच्या निम्माच. म्हणजे एक बिट पाचेक सेंटिमीटर पुढे जातो न जातो तोच दुसरा निघालेला असतो. मदरबोर्ड उजेडात धरून प्रोसेसर आणि रॅमचे स्लॉट यांच्या मधल्या भागाकडे पाहा. तिथल्या काही रेघा उगाच नागमोडी वळणं घेत गेलेल्या दिसतील. ज्या तारेचा रस्ता जवळचा आहे तिला मुद्दाम वळसे दिले आहेत, म्हणजे बरोबर निघालेले बिट बरोबरच पोचतील. मला ती नक्षी फार आवडते. वारलीच्या रेघेइतकीच ती विचारपूर्वक काढलेली असते.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते, आणि आपल्याकडे ती सर्रास चुकते. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर दोन पट्ट्या लावायच्या असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या. शेजारी-शेजारी लावल्या तर दोघी एकाच चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या एकाच वाटेवर, बसतात आणि वाट निम्मी होते. पहिल्या आणि तिसऱ्यात लावल्या तर तारेचं मोकळं टोक पलीकडे लोंबत राहतं आणि डोंगरात हाळी परतावी तसा संदेश त्या टोकावरून परत येऊन मागून येणाऱ्या बिटांत मिसळतो. २१३३ वर हे खपून जातं. ३६०० वर मशीन सुरूच होत नाही असंही घडतं आणि दोष रॅमला दिला जातो.

पट्टी ठीक आणि स्लॉटही ठीक, तरी आकडा येत नाही असंही होतं. तेव्हा प्रोसेसरकडे पाहायचं. मेमरीचा कारभार पाहणारा कंट्रोलर एके काळी मदरबोर्डवर असायचा. एएमडीनं तो २००३ मध्ये प्रोसेसरच्या पोटात घेतला, इंटेलनं २००८ मध्ये. तेव्हापासून रॅमचा वेग हा पट्टीइतकाच प्रोसेसरचाही गुण आहे. २०२० मध्ये आलेला कोअर आय ५ १०४०० आपल्याकडे भरपूर विकला गेला. त्याची अधिकृत मर्यादा २६६६, आणि बी४६० किंवा एच४१० चिपसेटच्या बोर्डावर ती ओलांडायची सोय नव्हती. त्या मशीनमध्ये ३२०० ची, ३६०० ची, कितीही महाग पट्टी घाला, चालणार २६६६ वरच. पुढच्या वर्षीच्या बी५६० बोर्डांवर इंटेलनं ते कुलूप काढलं. रायझनची अडचण निराळी आहे. त्याच्या आतल्या भागांना जोडणारी वाहिनी रॅमच्या घड्याळाशी ताल धरून चालते. माझ्या रायझन ५ ३६०० च्या पिढीत हा ताल साधारण ३६०० ते ३७३३ पर्यंत टिकतो, त्यापुढे रॅमचा कंट्रोलर निम्म्या लयीत जातो आणि थांबणं वाढतं. म्हणजे ४००० ची पट्टी ३६०० च्या पट्टीहून सुस्त पडू शकते. २०१७ च्या मार्चमध्ये पहिला रायझन आला तेव्हा तर ३२०० च्या कित्येक जोड्या ३२०० वर चालतच नसत. मे महिन्याच्या अखेरीस एएमडीनं एजेसा १.०.०.६ हे फर्मवेअर जाहीर केलं, बोर्ड कंपन्यांनी त्यावरून नवे बायोस काढले, आणि त्याच पट्ट्या त्याच बोर्डांवर चालू लागल्या. म्हणून रॅम बदलून आणायला निघण्याआधी बायोस अपडेट करा, असं मी प्रत्येकाला सांगतो. २०२३ मध्ये रायझन ७००० च्या काही प्रोसेसरांना एक्स्पो चालू केल्यावर बोर्डाकडून जास्त व्होल्टेज मिळून ते जळले, तेव्हा ते व्होल्टेज १.३ च्या आत बांधणारा उपायही बायोसच्या अपडेटमधूनच आला.

चार पट्ट्यांचा मोह सगळ्यांनाच होतो. दोन आहेत, दोन स्लॉट रिकामे आहेत, आणखी दोन घालू. रायझन ७००० साठी एएमडीनं स्वतः दिलेले आकडे पाहा : दोन पट्ट्या असतील तर ५२००, चार असतील तर ३६००. चार पट्ट्या म्हणजे कंट्रोलरच्या डोक्यावर दुप्पट ओझं. अधिक रॅम हवी असेल तर मोठ्या दोन घ्या. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

२०२२ मध्ये मी माझ्या मशीनमध्ये दुसऱ्या बनावटीच्या आणखी दोन पट्ट्या घातल्या. पाकिटावर तोच आकडा, ३२००. मशीन सुरू झालं, टास्क मॅनेजरनं ३२०० दाखवलं, मी खूश झालो. तिसऱ्या आठवड्यात एक झिप फाइल उघडेना. मग एका स्कॅनच्या खालच्या अर्ध्यात गुलाबी पट्टा दिसला. मला वाटलं, स्कॅनर खराब झाला. ओळखीच्या एका तंत्रज्ञानं रॅम काढून खोडरबरानं घासून परत लावली. हा उपाय आपल्याकडे सगळ्या आजारांवर करतात आणि संपर्क मळलेले असतील तेव्हा तो लागूही पडतो. इथं दुखणं वेगळं होतं. शेवटी मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घालून चालवला. चाळीस मिनिटांच्या आत पडद्यावर चुकांच्या लाल ओळी उमटल्या. वेग २९३३ वर आणला आणि तो रात्रभर चालवला, एकही चूक नाही.

तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. त्या तीन आठवड्यांत साफ केलेल्या फाइलींतल्या कोणत्या खऱ्या आणि कोणत्या बिघडलेल्या हे सांगायचं साधन माझ्याकडे नव्हतं. एका दुर्मीळ अंकाची चौदा पानं पुन्हा स्कॅन करावी लागली आणि मूळ अंक ग्रंथालयात परत गेलेला होता. तो पुन्हा हाती यायला सगळा पावसाळा गेला. वेग नसल्याचं दुःख मी सतरा महिने नकळत सोसलं होतं, पण त्यात एक अक्षरही हरवलं नव्हतं. खोटा वेग मात्र तीन आठवड्यांत माझ्या कामाच्या मुळावर आला. चुकलेला बिट आवाज करत नाही. तो फाइलीत जाऊन बसतो, तिथून बॅकअपमध्ये जातो आणि वर्षांनी सापडतो.

म्हणून या पुस्तिकेत 'ठरलेल्या वेगानं चालणं' याचा अर्थ मी एकच धरला आहे : पाकिटावरचा आकडा, आणि रात्रभराच्या तपासणीत शून्य चुका. एक चूक आली तरी तो वेग मिळाला असं मी मानत नाही. डीडीआर ५ मध्ये चिपच्या पोटातच चूक सुधारायची सोय आहे, मग तपासणी कशाला, असं मला विचारतात. ती सोय चिपच्या आतल्या चुकांपुरती आहे. चिपमधून निघून नागमोडी तारेवरून प्रोसेसरपर्यंत जाताना जे बिघडतं त्याला ती हात लावत नाही, आणि वेग वाढवल्यावर बिघडतं ते बरंचसं तिथंच.

फायदा किती, हेही आधीच सांगितलेलं बरं. पत्र टाइप करायला, बातम्या वाचायला, टॅलीत नोंदी करायला हा बदल जाणवणार नाही. मोठ्या फाइली दाबून बांधायला, जड गेमला आणि माझ्यासारखी वीस-वीस पानं उघडी ठेवायला जाणवतो. सर्वांत जास्त फरक पडतो तो वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या स्वस्त मशीनला, कारण तिथं चित्र काढणारा भागही याच रॅममधून पाणी भरत असतो. रायझन ३ ३२००जी सारखा प्रोसेसर, त्यात आठ जीबीची एकच पट्टी, आणि तीही २४०० वर, असं मशीन मी अनेक विद्यार्थ्यांकडे पाहिलं आहे. त्यांनी तशीच दुसरी पट्टी योग्य स्लॉटमध्ये लावून वेग २९३३ वर आणला, तर एवढ्या खर्चात याहून मोठी सुधारणा मला माहीत नाही. लॅपटॉपवाल्यांना एक्सएमपीची ओळ बहुधा सापडणार नाही, पण रिकाम्या स्लॉटमध्ये दुसरी पट्टी घालण्याचा लाभ त्यांनाही आहे.

पुढच्या प्रकरणांत बायोसच्या पडद्यांवरून एकेक पाऊल चालायचं आहे. कोणत्या कंपनीच्या बोर्डावर ही ओळ कुठं दडलेली असते, वेग लागला नाही तर आधी काय उतरवायचं, किती व्होल्टपर्यंत जायचं आणि कुठं थांबायचं, ते तिथं येईल. दोन सूचना मात्र इथंच देतो, कारण त्या न कळल्यानं धडकी भरते. डीडीआर ५ च्या मशीनवर पहिल्यांदा वेग बदलला की पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. प्रोसेसर त्या वेळात प्रत्येक तारेवर नमुने पाठवून बिट नेमका कोणत्या क्षणी वाचायचा ते शिकत असतो. त्याला शिकू द्या, वीज बंद करू नका. आणि मशीन चार-पाच वर्षांचं झाल्यावर एखाद्या सकाळी तारीख-वेळ चुकलेली दिसली, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ चा सेल संपत आलेला असतो. बायोस त्या वेळी मूळपदावर गेलेला असू शकतो आणि तुमची रॅमही गुपचूप पुन्हा २१३३ वर. नवा सेल घाला, तारीख दुरुस्त करा आणि ती ओळ परत चालू करा.

आता पुढचं प्रकरण उघडण्याआधी एक काम करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा, आणि 'स्पीड'समोरचा आकडा या पानाच्या समासात पेन्सिलनं लिहून ठेवा. पाकीट सापडलं तर त्यावरचा आकडाही शेजारी लिहा. दोन्ही सारखे असतील तर थेट तपासणीच्या प्रकरणाकडे वळा. नसतील तर आपण पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करू.